मिनिटाला ८६ पैसे

आईचं वर्षश्राद्ध उरकून आम्ही पुण्याहून ठाण्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्सेलची शीट उघडली. दुःख झालं की कुणी जप करतं, कुणी चारधामला जातं. मी रकाने आखतो. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

विषय होता कोथरूडचं घर. बाबांनी १९८७ साली सोसायटीत घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा आधीच गेले होते, आता आईही नाही. मी ठाण्यात, धाकटी बहीण नाशिकला. घराला कुलूप. कुलूप लावलं की खर्चालाही लागतं, अशी माझी वर्षभर समजूत होती. शीटनं डोळे उघडले. मेंटेनन्स महिन्याला १,८००, म्हणजे वर्षाचे २१,६००. मिळकतकर ११,४००. एक युनिटही न जाळता विजेचा स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क मिळून महिन्याला दीडशे, म्हणजे १,८००. एकूण ३४,८००. इथपर्यंत माणसाला रात्री झोप लागू शकते. पण मी पडलो बँकवाला. घर विकलं तर साठ लाख येतील, ते सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ४,२०,००० व्याज मिळेल आणि ते मिळत नाही म्हणजे ते बुडतंय, हा रकाना मी स्वतःच्या हातानं घातला. बेरीज आली ४,५४,८००. भागिले ३६५, रोजचे १,२४६ रुपये. भागिले चोवीस, भागिले साठ. मिनिटाला ८६ पैसे.

हा आकडा काढायला नको होता. दाढीला वीस मिनिटं लागली की सतरा रुपये गेले असं वाटायचं. गडकरी रंगायतनला नाटक बघताना मध्यंतरात मी बायकोला म्हणालो, की तिकिटात माणशी नाही तरी दोघांत मिळून १३० रुपये आणखी धरायला हवेत, कारण अडीच तास तिकडे घर रिकामं आहे. ती घरी पोचेपर्यंत बोलली नाही. चाळीस मिनिटं. म्हणजे पस्तीस रुपये.

तेव्हा ठरलं. घर ताबडतोब विकायचं, मिळेल त्या भावाला. हे वाक्य मी साक्षीदारांसमोर मोठ्यानं म्हणालो होतो. बायको आजही ते तारखेसह सांगते.

पुण्यातल्या एका एजंटला फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर, साठ बोलू या, माझे दोन टक्के.’’ आणि पहिल्याच रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, दोघं चाळिशीच्या आतले. तिनं पर्समधून मोजपट्टी काढली, ओट्याच्या शेजारी फ्रिज बसेल का ते मोजलं, बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत असतं ते विचारलं. मग दोघं खिडकीशी जाऊन दोन मिनिटं कुजबुजली. परत येऊन नवरा म्हणाला, ‘‘आम्हाला पटलंय. अठ्ठावन्न देतो. आजच टोकन देऊ.’’

आता सुज्ञ माणूस काय करेल? मी म्हणालो, ‘‘कळवतो.’’

कारण माझ्या डोक्यात बत्तीस वर्षांचा अनुभव जागा झाला होता. पहिल्याच रविवारी, पहिल्याच गिऱ्हाईकाला, तासाभरात पटलं? म्हणजे भाव नक्कीच कमी सांगितला गेलाय. परतीच्या शिवनेरीत लोणावळा येईपर्यंत माझी खात्री पटली, की एजंटनं मला बनवलं. वंदनाच्या स्टँडवर उतरता उतरता मी त्याला फोन करून सांगितलं, ‘‘आता अडुसष्ट बोला.’’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘बोलतो सर. बोलायला काय!’’

त्या जोडप्यानं पुढच्या पंधरवड्यात पलीकडच्याच गल्लीत घर घेतलं.

अडुसष्टला कुणी फिरकेना. तेव्हा गिऱ्हाईक येईपर्यंत निदान ८६ पैशांचे ८५ करावेत, म्हणून मी खर्चाकडे वळलो. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो. अर्ज आणला. त्यात इथे तुम्हीच राहता याचा पुरावा द्या असं होतं. पुरावा म्हणून दाखवण्यासारखं घरात होतं काय, तर गीझरच्या खिडकीतली कबुतरं. खोटं लिहावं का, यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी प्रामाणिकपणाच्या बाजूनं कौल दिला. तो फार कठीण गेला नाही, कारण समोरच्या काकूंना चौकशीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘‘इथे कोणी राहत नाही हो, बिचारं बंदच असतं’’ असं सांगायची सवय आहे हे मला ठाऊक होतं. आमची किल्लीही त्यांच्याकडेच असे.

मग नजर सोसायटीच्या बिलावर गेली. त्यात एक ओळ होती. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, १२० रुपये. बारा महिने लागत होते. मी हरखलोच. हे मला येत होतं! हे शुल्क घर भाड्यानं दिलं तर लागतं, नुसतं कुलूप असेल तर नाही. आणि भाड्यानं दिलं तरी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. सेक्रेटरींना, म्हणजे बरोबर आमच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना, एकटं गाठून हे हळूच सांगता आलं असतं. पण सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि ती तोंडावर आली होती. मी ठाण्याहून मुद्दाम गेलो. उभा राहिलो. आदेशाची झेरॉक्स वाचून दाखवली, तारखेवर थोडा जोर देऊन. सतरंजीवरचे सगळे सभासद माझ्याकडे आदरानं बघत होते, किंवा चहा कधी येतो ते बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘पुढच्या बिलात वळते करून देतो.’’ १,४४० रुपये मिळाले. माझ्याच शीटप्रमाणे सव्वा दिवसही नाही. जाण्यायेण्याचं भाडं हजाराच्या वर झालं होतं.

त्याची किंमत मला नंतर कळली.

मधल्या काळात आलेल्या ‘पार्ट्यां’विषयी फार सांगत नाही. एजंटाच्या भाषेत गिऱ्हाईकाला पार्टी म्हणतात आणि प्रत्येक पार्टी जेन्युइन असते. एक जेन्युइन पार्टी जिना चढून आली, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली आणि तिथूनच परत गेली. एक जण मोबाइलमध्ये होकायंत्र उघडून दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘दक्षिणमुखी आहे. नको.’’ इथं तरी गप्प बसावं की नाही? मी त्याच्या मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक आहे हे दाखवून दिलं, कव्हर काढायला लावलं, पुन्हा मोजायला लावलं आणि दार दक्षिणेला नसून आग्नेयेला आहे हे सिद्ध केलं. तो दोन पायऱ्या मागे सरकला. म्हणाला, ‘‘आग्नेय? अरे बापरे! ते तर त्याहून वाईट.’’

वार्षिक सभा झाली त्याच आठवड्यात मात्र खरोखरची पार्टी आली. एकसष्टला तयार, गृहकर्ज मंजूर. मी या वेळी ‘कळवतो’ म्हणालो नाही. त्यांनीच म्हटलं, ‘‘पितृपक्ष तेवढा संपू द्या, मग टोकन देतो.’’ उरलेले अकरा दिवस. १३,७०६ रुपये मी सर्वपित्रीच्या खात्यावर टाकले. त्या पितरांत माझे वडीलही होते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

पितृपक्ष संपला आणि त्यांच्या वकिलानं कागद मागितले. पहिला कागद शेअर सर्टिफिकेट. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोसायटीतलं घर कितीही लाखांचं असो, त्याच्या मालकीचा मान एका पिवळट कागदाला असतो. आमच्यावर लिहिलं होतं, पाच शेअर, प्रत्येकी पन्नास रुपये. साठ लाखांचं घर या अडीचशे रुपयांच्या कागदाला टांगलेलं. तो कागद सापडेना. मी कपाटं उपसली, ट्रंका उपसल्या, आईच्या साड्यांच्या घड्या मोडल्या. शेवटी पोलीस चौकीत हरवल्याची नोंद केली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, नुकसानभरपाईचं बंधपत्र करून दिलं. शंभराचा स्टँप आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून तिथं पाचशेचा लागतो, ही माहिती मला या निमित्तानं पाचशे रुपयांना मिळाली.

दुसरा प्रश्न वकिलानं विचारला, ‘‘बहिणीची सही?’’

मी म्हणालो, ‘‘कशाला? नॉमिनी मी आहे.’’

हे म्हणतानाच मला घाम फुटला. कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नॉमिनी म्हणजे केवळ विश्वस्त, मालक ते वारस, हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवर बसून हजार माणसांना तरी ऐकवलं असेल. कित्येकांना जरा तुच्छतेनंच. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे १९५६ पासून कायद्यात आहे. मी जन्मलो तेव्हाही होतं. घर विकायला काढलंय हे मी बहिणीला सांगितलं होतं. पण ‘तिची सही’ हा रकाना शीटमध्ये नव्हता.

फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग शांतपणे विचारलं, ‘‘दादा, ते पहिले अठ्ठावन्नवाले कोण? त्यांना नाही म्हणताना मला विचारलं होतंस का?’’

‘‘नाही, पण तुला कशाला उगाच…’’

‘‘नाही, म्हणजे त्या ८६ पैशांतले ४३ माझे आहेत, म्हणून आपलं विचारलं.’’

मी विषय बदलण्यासाठी शेअर सर्टिफिकेटचं रडगाणं गायलो. ती म्हणाली, ‘‘गणपतीच्या तसबिरीमागे बघितलंस? बाबा महत्त्वाचं सगळं तिथेच ठेवायचे.’’ होतं. सोबत माझी दहावीची गुणपत्रिका होती. तीही मी १९९१ साली हरवली म्हणून नवीन काढून आणली होती.

राहिला तिसरा कागद, सोसायटीचं ना-हरकत पत्र. यात एक गंमत आहे. आदर्श उपविधी म्हणतात की घर विकायला सोसायटीच्या ना-हरकत पत्राची गरज नाही. पण गिऱ्हाईकाला कर्ज देणारी बँक म्हणते की आहे. आणि ती बँक काय म्हणते ते मला ठाऊक असायला हवं, कारण तीस वर्षं हे पत्र आणल्याशिवाय मी स्वतः कुणाची फाइल पुढे सरकवली नव्हती. सेक्रेटरींकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. फार गोड बोलले. कमिटीची मीटिंग झाली की बघतो म्हणाले. कमिटीची मीटिंग दिवाळीनंतर होती. दिवाळीनंतर खजिनदार काशीला गेले. हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हेही मला पाठ होतं. पण त्यांनी ‘‘काही सभासद स्वेच्छेनं जिना रंगवायला देणगी देतात हो’’ असं म्हटल्यावर मी पुन्हा एकदा झेरॉक्स काढली. त्या झेरॉक्सकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही. गिऱ्हाईक डिसेंबरपर्यंत थांबलं. मग त्यानं बाणेरला घर घेतलं, लिफ्टवालं.

एजंट म्हणाला, ‘‘सर, रंग काढा. रंगाशिवाय आता घर उठत नाही.’’ ८५,००० ला रंगकाम ठरलं. रंगाऱ्यानं भिंती खरवडताना स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढायला हात घातला, तेव्हा मी उगाचच ओरडलो. दोन वर्षांपूर्वीचं होतं ते. आईनं त्यावर दुधाचे खाडे लिहिले होते. ‘४ तारीख दूध नाही. ५ अर्धा लिटर जादा.’ मी ते गुंडाळून पिशवीत घेतलं आणि खिळा तसाच ठेवा म्हणालो. रंगारी म्हणाला, ‘‘नव्या मालकाला खिळा कशाला?’’ त्याचं बरोबर होतं.

तर रंगाऱ्यानं एका दुपारी ब्रश धुवायला न्हाणीघराचा नळ उघडला. पाणी नव्हतं. आमच्या सोसायटीत टाकीचं पाणी सकाळी सहा ते आठ. पाणी नाही म्हटल्यावर तो नळ तसाच सोडून, खरवडलेल्या पुट्टीचा ढीग बरोबर मोरीच्या जाळीवर ठेवून, कुलूप लावून घरी गेला. त्या रात्री काकू इंदूरला मुलीकडे गेल्या. किल्ली घेऊन.

सकाळी सहा चाळीसला माझा फोन वाजला. सेक्रेटरी.

‘‘तुमच्या घरात कोणी राहायला आलंय का?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मग आंघोळ कोण करतंय?’’

मी ठाण्यात पलंगावर उठून बसलो. पुढची पाच मिनिटं मी त्यांना नळ कुठे आहे ते समजावून सांगत होतो, ते मला दार बंद आहे हे समजावून सांगत होते. मग कुणीतरी गच्चीवर जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, त्यामुळे अख्ख्या इमारतीचं त्या दिवशीचं पाणी गेलं आणि सव्वीस बिऱ्हाडांना माझं नाव नव्यानं कळलं. मी पोचेपर्यंत कुलूप फोडून झालं होतं. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये गेलो. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी पीओपीचं नक्षीदार छत करून घेतलं होतं, मध्ये कमळ. कमळाला पोक आलं होतं आणि त्याच्या देठातून थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं. परातीशेजारी पातेलं, पातेल्याशेजारी कुंडा. सेक्रेटरी झोपाळ्यावर छत्री घेऊन बसले होते. छत्री उघडलेली नव्हती, हे त्यांच्या स्वभावाचं मोठेपण. मी ३८,००० रुपये दिले. सोसायटीच्या ग्रुपवर अकरा फोटो आले. कमळाचा क्लोजअप मीही सेव्ह केला.

पुढचे सहा महिने भाव अडुसष्टवरून बासष्ट, बासष्टवरून साठ, साठवरून ‘बोला काय ते’ असा उतरत गेला. मध्ये पावसाळ्यात बाल्कनीच्या कोपऱ्यातून पुन्हा थोडं पाणी खाली झिरपलं. मी शीट उघडणं बंद केलं होतं.

जुलैत एकदा एजंटाची पार्टी न आल्यामुळे मी जिना उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं.

‘‘अहो, शेवटचं काय म्हणताय?’’ सेक्रेटरींनी झोपाळ्यावरूनच विचारलं.

‘‘तुम्ही कशाला विचारताय?’’

‘‘गेल्या वर्षात वरच्या घरातून माझ्या डोक्यावर दोनदा पाणी आलं आणि दोनदा झेरॉक्स आली. ते घर माझंच असलेलं बरं. मुलाचं लग्नही ठरतंय. पंचावन्न.’’

मी ‘कळवतो’ म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच. पण मागून बायको म्हणाली, ‘‘दिलं.’’

पुढचं सगळं मला अजून स्वप्नासारखं वाटतं. ना-हरकत पत्र वीस मिनिटांत आलं. सही अध्यक्षांची, टायपिंग सेक्रेटरींच्या मुलाचं. कमिटीची मीटिंग, खजिनदार, जिन्याचा रंग, यातलं काहीच मध्ये आलं नाही. घर होणाऱ्या सुनेच्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावावर मुद्रांकशुल्कात एक टक्का सूट असते, म्हणजे त्यांचे ५५,००० वाचले. सुनेचा मान राखला म्हणून सोसायटीत त्यांचं कौतुक झालं ते वेगळंच. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही तिघं, मी, बहीण आणि ती मुलगी, रांगेत अंगठे देऊन आणि कॅमेऱ्यात बघून बाहेर पडलो. बहिणीनं तिचे साडेसत्तावीस घेतले आणि बाहेर रसवंतीवर मला उसाचा रस पाजला. ४३ पैशांचा विषय तिनं काढला नाही. त्यामुळे मला रस नीट गिळता आला नाही.

पहिल्या रविवारपासून खरेदीखतापर्यंत चौदा महिने गेले. गुणिले १,२४६, अधिक रंग, अधिक कमळ, अधिक कुलूप, अधिक स्टँप, अधिक शिवनेरी, वजा १,४४०. तो रकाना शीटमध्ये आहे. मी तो हाइड करून ठेवला आहे.

वीजमीटर अजून बाबांच्या नावावर आहे. नावबदलाचा अर्ज करतो असं सेक्रेटरी म्हणाले होते, त्याला नऊ महिने झाले. मोबाइल नंबर माझा दिलेला, त्यामुळे दर महिन्याला बाबांच्या नावाचा मेसेज मलाच येतो. दिवाळीपर्यंत दीडशे येत होतं. लग्नानंतर सहाशेच्या घरात गेलं. परवा मेचा मेसेज आला, १,८४० रुपये. एसी बसवलेला दिसतोय.